पणजी ते मुंबई : अंतर किती आणि वेळ किती?

पणजीहून मुंबई किती दूर आहे, असा प्रश्न चार जणांना विचारला तर चार निरनिराळी उत्तरे मिळतात. मालवाहू ट्रकचा चालक ‘पावणेसहाशे ते सहाशे किलोमीटर’ असे सांगतो. भूगोलाचे शिक्षक नकाशावर पट्टी ठेवून ‘सव्वाचारशेच्या आसपास’ असे उत्तर देतात. रेल्वेचे तिकीट जपून ठेवणारा एखादा गृहस्थ साडेसातशेहून मोठा आकडा दाखवितो. विमानाने नुकताच जाऊन आलेला तरुण तर किलोमीटरची भाषाच बोलत नाही. ‘एक तास’ एवढेच त्याचे उत्तर असते.

ही चारही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. परंतु ज्याला उद्या परळच्या रुग्णालयात रुग्णाला घेऊन जावयाचे आहे, परदेशी वकिलातीत व्हिसाच्या मुलाखतीसाठी हजर राहावयाचे आहे किंवा मुंबईहून आखाताकडे जाणारे विमान गाठावयाचे आहे, त्याच्या दृष्टीने यांपैकी एकही उत्तर पुरेसे नाही. आपल्या राज्यातून मुंबईस जाणाऱ्यांची संख्या मोठी असून, अलीकडच्या काळात खेड्यापाड्यांतील कुटुंबेही विमानाने प्रवास करू लागली आहेत. म्हणून अंतर आणि वेळ यांचा हिशेब कसा करावा, याची माहिती येथे एकत्रित दिली आहे.

सरळ रेषेतील अंतर

दोन गावांमधील सर्वांत कमी अंतर म्हणजे सरळ रेषेतील अंतर होय. पृथ्वी गोल असल्यामुळे ही रेषा वास्तविक एका मोठ्या वर्तुळाचा कंस असते. परंतु पणजी-मुंबईसारख्या लहान टप्प्यासाठी ती सरळ मानण्यास हरकत नाही. शाळेतील विद्यार्थ्यांनाही हे अंतर नकाशासंग्रहाच्या साहाय्याने काढता येईल.

मुंबईचा सांताक्रुझ-सहार येथील विमानतळ सुमारे १९.०९ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७२.८७ अंश पूर्व रेखांशावर आहे. दाबोळी विमानतळ सुमारे १५.३८ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७३.८३ अंश पूर्व रेखांशावर आहे. अक्षांशांतील फरक ३.७१ अंश भरतो. एका अक्षांशाचे अंतर सुमारे १११ किलोमीटर असते. म्हणजे दक्षिणोत्तर अंतर ४१२ किलोमीटर झाले. रेखांशांतील फरक ०.९६ अंश आहे. आपल्या भागात एका रेखांशाचे अंतर सुमारे १०६ किलोमीटर पडते. म्हणजे पूर्व-पश्चिम अंतर १०२ किलोमीटर झाले. आता काटकोन त्रिकोणाच्या कर्णाचा नियम लावला असता उत्तर सुमारे ४२४ किलोमीटर येते. मोपा येथील विमानतळ दाबोळीच्या उत्तरेस असल्यामुळे तेथून मुंबईचे सरळ अंतर सुमारे ३८५ किलोमीटर, म्हणजे चाळीस किलोमीटरांनी कमी भरते.

विमानांच्या व्यवहारात किलोमीटरऐवजी सागरी मैल हे माप वापरतात. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. त्या मापाने दाबोळी-मुंबई अंतर सुमारे २२९ सागरी मैल होते.

रस्ता, रेल्वे आणि बोट

सरळ रेषेत ४२४ किलोमीटर असलेले अंतर रस्त्याने सहाशेच्या घरात जाते, याचे कारण कोकणची भूमी होय. पत्रादेवीहून बांदा, कुडाळ, चिपळूण, महाड करीत पनवेलकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६, जो पूर्वी १७ क्रमांकाने ओळखला जाई, तो पश्चिमेकडे वाहणाऱ्या एकामागून एक नद्या ओलांडतो. नदीवर पूल जेथे बांधता येतो तेथेच रस्त्याला जावे लागते आणि घाट चढताना त्याला वळणे घ्यावी लागतात. त्यामुळे खाजगी मोटारीने दहा ते बारा तास सहज लागतात. रात्रीच्या बसगाड्यांना याहूनही अधिक वेळ लागतो.

कोकण रेल्वेने डोंगरांना बोगदे पाडून आणि दऱ्यांवर पूल बांधून ही वळणे पुष्कळशी टाळली. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा ७४१ किलोमीटरांचा हा मार्ग १९९८ साली संपूर्णपणे खुला झाला. मुंबई ते मडगाव हा प्रत्यक्ष लोहमार्ग सुमारे ५८० किलोमीटरांचा आहे. मग तिकिटावर साडेसातशेहून मोठा आकडा कसा आला? त्याचे उत्तर असे की, हा मार्ग उभारण्यास झालेला मोठा खर्च भागविण्यासाठी भाड्याचा हिशेब करताना या मार्गावरील प्रत्यक्ष अंतरात ४० टक्के वाढ धरण्याची पद्धत घालून देण्यात आली. तो आकडा भाड्याच्या आकारणीचा आहे. गाडी तेवढे धावत नाही. प्रवासास लागणारा वेळ त्यावरून काढू नये.

रेल्वेच्या वेळेबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पावसाळ्यात दरडी कोसळण्याचा धोका असल्यामुळे या मार्गावर गाड्यांचा वेग कमी ठेवतात आणि निराळे पावसाळी वेळापत्रक लागू करतात. जून २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई-मडगाव वंदे भारत गाडी कोरड्या ऋतूत सुमारे पावणेआठ ते आठ तासांत पोहोचते. पावसाळी वेळापत्रकात तिला सुमारे दहा तास लागतात.

वयोवृद्ध वाचकांना बोटीचा प्रवास आठवत असेल. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सकाळी निघालेली ‘कोकण सेवक’ किंवा ‘कोकण शक्ती’ दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीच्या धक्क्यास लागे. त्या काळी मुंबईचे अंतर ‘एक दिवस, एक रात्र’ असे मोजीत. हे मापही चुकीचे नव्हते. कारण प्रवाशाला किलोमीटरांपेक्षा वेळेचे मोल अधिक असते.

तिकिटावरील ‘एक तास पंधरा मिनिटे’ म्हणजे काय?

या मार्गावर प्रवासी वाहतूक करणारी मोठी जेट विमाने उंचावर ताशी ८०० किलोमीटरांहून अधिक वेगाने जातात. त्या वेगाने ४२४ किलोमीटर अंतर अर्ध्या तासात तुटावयास हवे. प्रत्यक्षात वेळापत्रकात एक तास दहा मिनिटांपासून एक तास वीस मिनिटांपर्यंत वेळ दाखविलेली असते. हा फरक कशामुळे पडतो, हे समजून घेणे उपयुक्त आहे.

पहिले कारण असे की, वेळापत्रकातील वेळ ही आकाशातील वेळ नसते. विमान आपल्या उभे राहण्याच्या जागेवरून हलते त्या क्षणापासून, दुसऱ्या विमानतळावर नेमून दिलेल्या जागी पूर्णपणे थांबते त्या क्षणापर्यंतचा तो काळ असतो. इंग्रजीत त्यास ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. धावपट्टीपर्यंत जमिनीवरून जाणे, पुढे असलेल्या विमानांमागे रांगेत थांबणे आणि उतरल्यावर पुन्हा जमिनीवरून टर्मिनलपर्यंत येणे, हे सारे त्यात मोजलेले असते.

दुसरे कारण असे की, एवढ्या लहान टप्प्यात विमानाला आपल्या पूर्ण वेगाने जाण्यास फारसा अवसर मिळत नाही. उड्डाणानंतर पंधरा-वीस मिनिटे ते चढत असते, आणि उतरण्याची तयारी त्याला वीस-पंचवीस मिनिटे आधीच सुरू करावी लागते. दहा हजार फुटांच्या खाली सर्वसाधारणपणे ताशी २५० सागरी मैलांहून, म्हणजे सुमारे ४६३ किलोमीटरांहून अधिक वेग ठेवता येत नाही. म्हणून दिल्लीसारख्या लांबच्या प्रवासात सरासरी वेग चांगला पडतो, तर मुंबईसारख्या जवळच्या प्रवासात तो निम्म्यावर येतो.

तिसरे कारण धावपट्टीच्या दिशेचे आहे. मुंबई आपल्या उत्तरेस आहे. परंतु दाबोळी आणि मोपा या दोन्ही ठिकाणच्या धावपट्ट्या साधारणतः पूर्व-पश्चिम आहेत. मुंबईची मुख्य धावपट्टीही तशीच आहे. विमानाला शक्यतो वाऱ्याच्या समोर तोंड करून उडावे आणि उतरावे लागते. समुद्राकडून वारा असेल तर ते दाबोळीहून पश्चिमेकडे उडते, मग उत्तरेकडे वळते, आणि मुंबईस उतरताना शहराच्या पूर्वेकडून फेरा घेऊन पश्चिमेकडे तोंड करून खाली येते. त्यातच मुंबईच्या त्या विमानतळावरील दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदून जात असल्यामुळे एकाच वेळी दोहोंवर स्वतंत्रपणे वाहतूक करता येत नाही. गर्दीच्या वेळी उतरणाऱ्या विमानांना आकाशातच घिरट्या घालीत थांबावे लागते. खिडकीतून मुंबई दिसू लागली तरी विमान उतरत का नाही, या प्रश्नाचे उत्तर येथे आहे.

एकंदर हिशेब असा मांडता येईल : निघताना जमिनीवर दहा ते पंधरा मिनिटे, आकाशात सुमारे पंचेचाळीस ते पन्नास मिनिटे आणि उतरल्यावर जमिनीवर पाच ते दहा मिनिटे. गर्दीमुळे होणारा संभाव्य विलंब गृहीत धरून विमान कंपन्या त्यात आणखी काही मिनिटे मिळवितात. म्हणूनच एखादे वेळी विमान ‘वेळेआधी’ पोहोचल्याची घोषणा होते.

तिकिटावर ‘गोवा’ लिहिले आहे, पण कोठले?

दाबोळी विमानतळ पोर्तुगीज राजवटीत, १९५५ साली सुरू झाला. १९६१ च्या मुक्तीनंतर तो भारतीय नौदलाकडे आला आणि आजही तेथे नौदलाचा ‘हंसा’ तळ आहे. नागरी वाहतूक त्याच धावपट्टीचा उपयोग करते. पुढे पेडणे तालुक्यात मोपा येथे दुसरा विमानतळ बांधण्यात आला. मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ असे त्याचे नाव असून, ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून प्रवासी वाहतूक सुरू झाली.

या दोन विमानतळांमध्ये सरळ रेषेत सुमारे ४० किलोमीटर अंतर आहे. रस्त्याने ते साठ किलोमीटरांच्या पुढे जाते. दोहोंच्या तिकिटांवर ‘गोवा’ हेच नाव ठळकपणे छापलेले असते. फरक असतो तो तीन अक्षरांच्या संकेतात. दाबोळीचा संकेत ‘जीओआय’ आणि मोपाचा संकेत ‘जीओएक्स’ असा आहे. हा शेवटचा एक वर्ण न पाहिल्यामुळे मुरगावला जावयाचा प्रवासी पेडण्यास जाऊन पोहोचला, तर विमान सुटण्यापूर्वी दुसरीकडे पोहोचणे बहुधा अशक्य होते.

मुंबईच्या बाजूसही आता हीच काळजी घ्यावी लागेल. रायगड जिल्ह्यातील उलवे परिसरात नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये तेथून वाहतूक सुरू झाली. जुन्या विमानतळाचा संकेत ‘बीओएम’ आणि नव्याचा ‘एनएमआय’ असा आहे. ज्याला पनवेल, उरण किंवा वाशी येथे जावयाचे आहे त्याला नवा विमानतळ सोयीचा. ज्याला अंधेरी, वांद्रे किंवा परळ गाठावयाचे आहे त्याला जुना. मुंबईहून पुढे परदेशी विमान धरावयाचे असेल, तर दोन्ही उड्डाणे एकाच विमानतळावरची आहेत ना, आणि कोणत्या टर्मिनलवरून आहेत, हे तिकीट काढण्यापूर्वीच पाहावे. दोन निरनिराळी तिकिटे काढली असतील, तर पहिले विमान उशिरा पोहोचल्यामुळे दुसरे चुकल्यास त्याची जबाबदारी दुसरी कंपनी सहसा घेत नाही.

उंबरठ्यापासूनचा हिशेब

प्रवासाचा खरा वेळ घराच्या उंबरठ्यापासून मोजावा. काणकोणहून दाबोळी साठ किलोमीटरांच्या आसपास आहे, तर मोपा शंभर किलोमीटरांच्या पुढे आहे. पेडणे शहराहून मोपा अगदी हाकेच्या अंतरावर, परंतु दाबोळीस जावयाचे तर मांडवी आणि झुआरी या दोन्ही नद्या ओलांडाव्या लागतात. पणजीकरांना दोन्ही विमानतळ जवळजवळ सारखेच पडतात. सावंतवाडी, दोडामार्ग या शेजारच्या भागांतील लोकांना मोपा जवळचा आहे. म्हणून काणकोणच्या प्रवाशाने शे-दोनशे रुपये कमी भाड्यासाठी मोपाचे तिकीट काढले, तर मोटारीचे भाडे आणि वेळ मिळून ती बचत उरत नाही.

उदाहरणादाखल सत्तरी तालुक्यातील वाळपई येथून परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जाणाऱ्या एका कुटुंबाचा हिशेब पाहू. मोपा विमानतळावर पोहोचण्यास पावणेदोन तास धरू. विमान सुटण्यापूर्वी दोन तास तेथे असणे इष्ट. वेळापत्रकातील उड्डाणाचा काळ सव्वा तास. उतरल्यावर सामान हाती येऊन बाहेर पडेपर्यंत अर्धा तास आणि सहारहून परळपर्यंत, रहदारी पाहता, सव्वा तास. बेरीज केली असता पावणेसात तास होतात. त्यांपैकी आकाशात गेलेला वेळ एका तासाहूनही कमी असतो.

याच कुटुंबाने रात्रीच्या कोकणकन्या गाडीने जावयाचे ठरविले, तर वाळपईहून थिवी स्थानकापर्यंत सुमारे एक तास, गाडीपूर्वीचा अर्धा तास, गाडीत दहा-अकरा तास आणि दादरहून परळपर्यंत वीस-पंचवीस मिनिटे, असे सुमारे बारा ते तेरा तास लागतात. म्हणजे विमानाने पाच ते सहा तास वाचले. परंतु रेल्वेचा बराचसा वेळ झोपेत जातो आणि सकाळी मुंबईत असता येते. उलट, ज्या रुग्णास फार वेळ बसवत नाही किंवा ज्याला त्याच दिवशी परतावयाचे आहे, त्याच्यासाठी वाचलेल्या पाच-सहा तासांचे मोल फार मोठे आहे. कोणते साधन श्रेष्ठ, याचे एकच एक उत्तर नाही. प्रत्येकाने आपल्या गावापासून आपल्या कामाच्या जागेपर्यंतची बेरीज करून पाहावी.

कार्यालयांनी व शाळांनीही हा हिशेब ध्यानात ठेवावा. ‘विमानाने तासाभराचा प्रवास’ असे गृहीत धरून सकाळी दहाची बैठक किंवा मुलाखत ठरविली, तर केपे-सांग्याहून येणाऱ्यास भल्या पहाटेच घर सोडावे लागते. पावसाळ्यात ढग खाली उतरून दिसेनासे झाल्यास विमान अन्यत्र वळविण्याचेही प्रसंग येतात. जून ते सप्टेंबर या काळात महत्त्वाच्या कामासाठी आदल्या दिवशीच मुंबईत पोहोचणे शहाणपणाचे ठरेल.

विलंब झाल्यास प्रवाशाचे हक्क

वेळापत्रकातील उड्डाणाच्या काळास कायदेशीर महत्त्वही आहे, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांप्रमाणे प्रवाशांना द्यावयाच्या सवलती याच काळावरून ठरतात. ज्या उड्डाणाचा काळ अडीच तासांपर्यंत आहे, ते दोन तास किंवा अधिक उशिरा सुटणार असेल, तर वेळेवर हजर झालेल्या प्रवाशांना कंपनीने खाद्यपेय पुरवावयाचे असते. विलंब सहा तासांहून अधिक होणार असेल, तर प्रवाशास दुसरे उड्डाण किंवा पूर्ण पैसे परत, यांतून निवड करण्याचा पर्याय द्यावा लागतो.

पुरेशी आगाऊ सूचना न देता उड्डाण रद्द केले, तर एक ते दोन तासांच्या उड्डाणासाठी ७,५०० रुपये, अथवा एकेरी प्रवासाचे मूळ भाडे व इंधन आकार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती भरपाई म्हणून देय असते. मुंबईची उड्डाणे या वर्गात मोडतात. वादळ, राजकीय अशांतता किंवा कंपनीच्या हाताबाहेरची अन्य असाधारण कारणे असल्यास ही भरपाई मिळत नाही.

येथे एक महत्त्वाची अट आहे. तिकीट काढताना प्रवाशाने संपर्कासाठी योग्य माहिती दिलेली नसेल, तर भरपाईचा हक्क राहत नाही. गावाकडे पुष्कळदा तिकीट एजंटामार्फत काढले जाते आणि एजंट स्वतःचाच दूरध्वनी क्रमांक नोंदवितो. विमान रद्द झाल्याची किंवा वेळ बदलल्याची सूचना मग त्याच्याकडे जाते आणि प्रवासी विमानतळावर तिष्ठत राहतो. तिकिटावर आपला स्वतःचा मोबाइल क्रमांक नोंदविण्याचा आग्रह प्रत्येकाने धरावा.

निघण्यापूर्वी पाहावयाच्या गोष्टी

वरील विवेचनाचे सार थोडक्यात असे सांगता येईल :

१) तिकीट हाती येताच विमानतळाचा तीन अक्षरी संकेत आणि टर्मिनलचा क्रमांक वाचावा. वाचता येत नसेल, तर गावातील शिक्षक किंवा पंचायत सचिव यांना दाखवावा.

२) तिकिटावरील वेळ ही विमान हलण्याची वेळ आहे. देशांतर्गत उड्डाणांसाठी सामान देण्याची खिडकी सर्वसाधारणपणे एक तास आधी बंद होते आणि विमानात चढण्याचे दार सुमारे पंचवीस मिनिटे आधी बंद होते. त्यानंतर विमान समोर उभे दिसत असले, तरी प्रवेश मिळत नाही.

३) छायाचित्र असलेले ओळखपत्र मूळ स्वरूपात जवळ ठेवावे.

४) रुग्ण किंवा वृद्ध व्यक्ती बरोबर असल्यास चाकाच्या खुर्चीची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी.

५) घरापासून कामाच्या जागेपर्यंतच्या सर्व टप्प्यांची बेरीज कागदावर मांडावी आणि पावसाळ्यात तीत पुरेशी भर घालावी.

शिक्षकांना विनंती की, अक्षांश-रेखांशांवरून अंतर काढण्याचे वर दिलेले उदाहरण त्यांनी वर्गात करवून घ्यावे आणि त्यानंतर विद्यार्थ्यांकडून आपल्या गावापासून मुंबईपर्यंतच्या वेळेची बेरीजही करवून घ्यावी. गणित आणि भूगोल या दोन्ही विषयांचा तो चांगला अभ्यास होईल. शिवाय घरातील वडीलधाऱ्यांना प्रवासाला निघण्याचा प्रसंग आला, तर कोणत्या विमानतळावर आणि किती वाजता पोहोचावयाचे, हे सांगणारे कोणीतरी घरातच असेल.